चिरीचा बूट

फौजीच्या हातचे बूट घालायला सोपे, काढायला सोपे आणि विकायला अवघड, असं गावात म्हणत. त्यात चुकीचं काही नव्हतं. बाकी सगळ्या जगाच्या बुटांची चीर पावलाच्या मध्यावर थांबते. फौजीच्या बुटाची पार बोटांपर्यंत जायची. नाडी सोडली की बूट वाटाण्याच्या शेंगेसारखा उघडा. तरणी पोरं विचारायची, हा बूट आहे की पुस्तक? शेतावर जाणारे म्हातारे तेवढे कुरकुर न करता घ्यायचे, कारण त्यांना वाकायचा कंटाळा.

"असा का करता?" असं कोणी विचारलं की फौजी म्हणायचा, "हाताला सवय लागलीय." ज्या हाताला सवय लागली होती त्याला अंगठा आणि शेजारचं एकच बोट होतं, त्यामुळे पुढे कोणी बोलत नसे. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात, खिंडीतल्या लढाईत, त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. पायाची तर दहाच्या दहा. सव्वीस जण वर गेले होते, पाच खाली आले. त्या पाचांतलेही चार आता नव्हते. दरवर्षी थंडी तोंडावर आली की शाळेच्या मैदानात वर राहिलेल्या एकवीस जणांच्या आठवणीची सभा भरायची. फौजीसाठी पुढची खुर्ची राखून ठेवत आणि ती रिकामीच राहायची. "पाय दुखतात," तो म्हणायचा. त्या पायांशी कोण वाद घालणार.

फौजीच्या घरात कापणं सासऱ्याचं, म्हणजे त्याचं, आणि शिवणं सुनेचं, अशी वाटणी होती. म्हातारा रापीने चामडं कापायचा, लाकडी फर्म्यावर ताणून बसवायचा, आणि मग ते सुनेकडे सरकवायचा. सून आरीने भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा दोन्ही अंगांनी ओवून खेचायची. दिवसभर खेचून तिच्या करंगळ्यांच्या घड्यांत दोऱ्याने कायमच्या चिरा पाडल्या होत्या. तिला त्याचं काही नव्हतं. तिला होतं ते नवऱ्याचं. तिसरं वर्ष चाललं होतं, नवरा दोन दिवसांच्या वाटेवर एका वीटभट्टीवर होता. तो गेला तेव्हा पोरगी रांगत होती. परवा फोनवर तिने बापाला 'काका' म्हटलं. तिकडून तो हसला, आणि हसता हसता त्याने फोन ठेवून दिला. सुनेने त्या दिवशी एकही टाका घातला नाही.

त्यानंतर चारच दिवसांनी रस्त्याचा मुकादम दारात आला.

खिंडीतून जो रस्ता गेला होता त्यावरचं बर्फ दर हिवाळ्यात चाळीस माणसं फावड्यांनी काढायची. मुकादम त्यांचा. आजवर त्यांचे बूट कुठून तरी दुरून यायचे आणि निम्म्या हिवाळ्यात तोंड वासायचे. यंदा मुकादमाने कचेरीत भांडून काम गावात आणलं होतं.

"चाळीस जोड, वहिनी. बर्फ पडायच्या आत," ओसरीवर बसत तो म्हणाला. "आणि नीट झाले तर दरवर्षीचंच. पण तुमच्या दोघांच्या हातून एवढं होणार नाही. भाऊंना भट्टीवरून बोलावून घ्या."

हेच वाक्य सून तीन वर्षं मनात म्हणत होती. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ती घाईने उठली. ती पाणी आणायला आत गेली.

ती पाणी घेऊन आली तेव्हा मुकादमाने खिशातून कचेरीचा कागद काढून तिच्यापुढे धरला. बुटाचं चित्र होतं. "उंची घोट्यावर चार बोटं. तळ जाड. पुढचा भाग बंद. बंद म्हणजे बंद हं वहिनी. काकांचे बूट मला माहीत आहेत. आठ दिवसांनी नमुन्याचा जोड बघायला येतो."

काका म्हणजे म्हातारा; मुकादम दिसताच तो जनावराला पाणी दाखवायचं निमित्त करून मागच्या दाराने निघून गेला होता. जनावराला त्याने तासाभरापूर्वीच पाणी पाजलं होतं. सुनेला हे नवीन नव्हतं. मुकादमाचा थोरला भाऊ त्या सव्वीस जणांत होता. छातीत गोळी लागून तिथल्या तिथे गेला, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ती बातमी त्याच्या आईला फौजीनेच येऊन सांगितली होती. आई होती तोवर म्हातारा दर सुगीला त्यांच्याकडे जाऊन यायचा. ती माऊली समोर बसून त्याला जेवू घालायची. चार वर्षांपूर्वी ती गेली, आणि म्हाताऱ्याने त्या घराची वाटच सोडली. दुःख असेल, असं सून समजत होती.

संध्याकाळी तिने कागद सासऱ्यापुढे ठेवला. त्याने तो दिव्याकडे धरून पाहिला.

"कोण घालणार?"

"बर्फ काढणारे. खिंडीतले."

"खिंडीतले," म्हातारा म्हणाला. त्याने कागदाची घडी केली, फर्म्याखाली सरकवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चामडं घेऊन बसला. दुपारपर्यंत पुढचा भाग कापून झाला होता. चीर पार बोटांपर्यंत.

सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, कागदात काय लिहिलंय?"

"वाचलं मी."

"मग?"

"शीव तू."

"बंद पाहिजे म्हणालेत. तो स्वतः दोनदा म्हणाला. तुम्ही असाच दिलात तर तो उठून जाईल, आणि तुमचा मुलगा भट्टीवर विटाच वाहील. पोरगी त्याला काका म्हणते. ऐकलंत ना तुम्ही? इथेच बसला होतात."

"ऐकलं."

"मग एकदा, एकदाच, लोक मागतात तसा बूट करा ना. काय बिघडेल?"

म्हाताऱ्याने रापी दगडावर घासायला घेतली.  मग तो म्हणाला, "खाली गावात घालायला हवा तसा करून देईन. वर घालायला नाही."  म्हाताऱ्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे सुनेला सात वर्षांत समजलं होतं. तिने तो जोड शिवला, पण प्रत्येक टाका रागाने खेचला, आणि राग बरा असतो, टाके घट्ट बसले.

रोज दुपारी म्हातारा चामडी भिजवायला ओढ्यावर जायचा. बोटं नसलेल्या पावलांनी बदकासारखा डुलत जायचा, डुलत यायचा. त्याला दोन तास लागायचे. तिसऱ्या दिवसापासून सून ते दोन तास चोरायला लागली. गोठ्याच्या मागे गोणपाट अंथरून तिने स्वतः चामडं कापलं. आयुष्यात पहिल्यांदा. पहिला तुकडा वाकडा गेला, तो तिने वैरणीखाली लपवला. दुसरा बरा निघाला. जुना फर्मा होता, त्यावर ताणला. ताणताना हाताला फोड आला, फुटला, त्यावर मेण फासलं. पुढचा भाग एकसंध ठेवला, चीर अर्ध्यावर थांबवली. कागदातल्या चित्रासारखा हुबेहूब. सासऱ्याच्या पाठीमागे हे करताना तिला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण पोरगीचा तो 'काका' आठवला की वाईट वाटणं थांबायचं.

सहाव्या दिवशी ती दुपारी रापी घ्यायला गेली तर रापीला नुकतीच धार लावलेली होती. म्हातारा दारातून बाहेर पडत होता. मागे न बघता म्हणाला, "बोथट रापीने चामडं सरकतं. हात कापून घेशील."

सून तिथेच उभी राहिली. म्हणजे त्याला ठाऊक होतं. आणि तरी तो ओढ्यावर चालला होता.  म्हाताऱ्याने कानाडोळा करायचं ठरवलंय, असा तिने अर्थ घेतला.

आठव्या दिवशी सकाळी मुकादम आला. डोंगराच्या माथ्यावर पहिलं पांढरं दिसायला लागलं होतं आणि वारा ओसरीवरचे चामड्याचे कातरे अंगणभर नेत होता. म्हातारा आतल्या खोलीत होता. सुनेने बंद जोड पुढे ठेवला. चिरीचा जोड तिने आत, फळीवरच राहू दिला.

मुकादमाने बूट उचलला. तळ वाकवून बघितला, टाचेवर बोटाने ठोकलं, शिवणीवर नख ओढलं. पुढच्या बंद भागावरून हात फिरवला.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला," तो म्हणाला. "काम चोख आहे. खरं सांगू, मला धाकधूक होती. काका ऐकतील असं वाटलं नव्हतं."

"ऐकलं त्यांनी," सून म्हणाली.

"मग ठरलं. चाळीस जोड. भाऊंना आजच फोन करा."

 तीन वर्षांचं ओझं उतरलं. हातातोंडाशी घास आला होता, आणि ती तो गिळणार एवढ्यात आतल्या दारात म्हातारा दिसला. काखेत चिरीचा जोड होता.

"मुकादम," तो म्हणाला, "तो जोड वर नेऊ नका."

"बाबा," सून म्हणाली. फक्त तेवढंच. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात माफी होती आणि मागे हटणं नव्हतं. सुनेला वाटलं, आता हा म्हातारा माझा संसार बुडवणार.

मुकादम समजुतीने हसला. "काका, कचेरीने ठरवून दिलंय."

"कचेरी वर गेली होती का कधी?"

"मी जातो की. वीस हिवाळे झाले."

"रात्री बूट काढून झोपता?"

"खोली आहे तिथे. शेगडी असते."

"सकाळी चढतात?"

मुकादमाने मान हलवली. "तापवून चढवतो. पाय सुजलेले असतात. ओढाताण होते."

"आणि एखाद्या दिवशी खोलीपर्यंत पोचला नाहीत, तर?"

 म्हातारा ओसरीच्या कडेला बसला. चिरीचा जोड त्याने मांडीवर घेतला. मग तो बोलला तेव्हा मुकादमाला तो 'तू' म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसा.

"तुझ्या भावाचे बूट मी काढले होते."

वाऱ्याने अंगणातलं एक भांडं लवंडलं. कोणी उठलं नाही.

"चौथा दिवस होता. गोळीबार थांबला होता, वारा थांबत नव्हता. एका खडकाच्या आडोशाला आम्ही दोघंच होतो. तो म्हणाला, पाय आहेत की गेले ते कळत नाही, बघ जरा. मी बूट काढले. पावलं मेणासारखी पांढरी. चोळली, शर्ट वर करून पोटाशी धरली. तासाभराने रंग आला. तो हसला. मला वाटलं, जिंकलो आपण." म्हातारा थांबला. "मग पाय सुजायला लागले. आणि खालून हुकूम आला, निघा. बूट चढेनात. हातमोज्यांनी पकड येईना म्हणून मी हातमोजे काढले. किती वेळ ओढत होतो देव जाणे. ही बोटं तिथेच गेली."

"आणि बूट चिरले का नाहीत?" हे सुनेच्या तोंडून आपोआप निघालं. "चाकू नव्हता?"

"होता. कमरेलाच होता." म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "सुचलं नाही, पोरी. नवे कोरे सरकारी बूट. नाडी हरवली तरी शिक्षा व्हायची. त्यांना चाकू लावायचा असतो, हे डोक्यातच आलं नाही. आम्ही गरिबाघरची पोरं. नवीन वस्तू कापायची असते का कधी? खाली दवाखान्यात नर्सने ते बूट कातरीने पार बोटांपर्यंत चिरले, तेव्हा दिसलं. दोन मिनिटांचं काम होतं."

मुकादमाच्या हातात अजून बंद बूट होता. "कोणाचे बूट चिरले नर्सने?"

"त्याचेच. माझ्या पायात होते. माझे फाटले होते. तो म्हणाला, माझे घाल आणि तू नीघ. मी नको म्हटलं, तर म्हणाला, मग काय इथे त्यांचं लोणचं घालू?"

मुकादमाच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज आला. भाऊ असाच बोलायचा हे त्याला आठवलं असणार.

"म्हणजे तुम्ही निघालात तेव्हा तो..."

"बोलत होता."

"आणि गोळी?"

"गोळी नव्हती. ती मी सांगितली. तुझी आई दारात उभी होती, तू तिच्या पदराला धरून. तिने दुसरं काही विचारलं नाही. फार थंडी वाजली का रे त्याला, एवढंच विचारलं. मी म्हटलं, थंडी कळायला वेळच मिळाला नाही, आई. तिने मला आत बोलावून जेवायला वाढलं. अडतीस वर्षं वाढत राहिली. प्रत्येक वेळी ठरवून जायचो, आज सांगायचं. आणि जेवून परत यायचो."

 इतकं एका दमात म्हातारा कधी बोललाच नव्हता; त्याला धाप लागली होती. सून उभी होती तिथेच खाली बसली. काम गेलं हे तिला दिसत होतं, आणि तिला आश्चर्य वाटलं की त्या क्षणी तिला कामाचं फारसं काही वाटत नव्हतं. तिला कमरेचा तो चाकू दिसत होता.

मुकादम ओसरीवर टेकला. बोलला तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखा होता.

"त्याचा पाय मोठा होता."

"हो."

"तुम्हाला सैल झाले असतील."

"सैल होते. चिंध्या कोंबल्या आत."

"पण चालता आलं."

"आलं."

"बरं झालं," मुकादम म्हणाला. मग थोड्या वेळाने, "आईला खोटं सांगितलंत ते चांगलं केलंत की वाईट, ते मला आज सांगता येणार नाही."

"नको सांगू."

"कुठे होतात तुम्ही? नेमकं?"

"आता तिथून रस्ता गेलाय म्हणतात. खिंडीच्या तोंडाशी वळण आहे, तिथे दोन खडक एकमेकांवर रेललेत. त्यांच्या पलीकडच्या अंगाला. तिथे वारा लागत नाही."

मुकादमाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"नाही लागत," तो म्हणाला. "आम्ही तिथेच जेवायला बसतो."

म्हाताऱ्याचा हात मांडीवरच्या बुटावर थांबला.

"रोज दुपारी. वीस वर्षं झाली," मुकादम म्हणाला. "पहिल्या वर्षी मीच शोधली ती जागा. म्हणजे इतकी वर्षं मी त्याच्याजवळच बसून जेवलो."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्याने पुसलं नाही आणि लपवलंही नाही. मुकादम उठला, त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या मांडीवरचा चिरीचा बूट त्याने उचलला. नाडी सोडली. बूट सताड उघडला. मुकादमाने त्यात हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. वीस हिवाळ्यांचा मुकादम त्याच्यात परत येत होता.

"चिरीतून बर्फ आत जाईल," तो म्हणाला. "इथेच घोडं पेंड खाणार. सुजेने नाही मेला तर ओलीने मरेल माणूस."

 शेतातल्या बुटांना बर्फाचा प्रश्न कधी आला नव्हता. सुनेने हात पुढे केला.

"बघू. ही नाडीखालची जीभ आहे ना, ही फक्त खालच्या टोकाला शिवलेली आहे. ही रुंद कापायची, आणि दोन्ही कडांनी वरपर्यंत शिवायची. नाडी आवळली की आत घडी पडेल. सोडली की घडी उघडेल. बूट फाकेल तेवढा फाकेल, पण फट कुठेच राहणार नाही."

दोघंही तिच्याकडे बघायला लागले.

"शिवायला जड जाईल," म्हातारा म्हणाला.

"शिवणं माझं आहे," सून म्हणाली.

मुकादमाने बंद जोड ओसरीवर ठेवला. चिरीचा जोड नाडीने बांधून खांद्यावर टाकला. "हा मी कचेरीत दाखवायला नेतो. चाळीस करा, असेच, वहिनी म्हणतात तशा जिभेचे. कचेरीचं मी बघतो. माणसं उद्यापासून मापाला पाठवतो." तो पायऱ्या उतरला आणि थांबला. "काका, सभा रविवारी आहे."

"पाय—"

"सभेला नका येऊ. गाडीतून वर चला माझ्याबरोबर, रस्ता बंद व्हायच्या आत. नेमकं कुठे बसला होता तो, ते हात लावून दाखवा."

"दाखवतो," म्हातारा म्हणाला.

मुकादम फाटकाबाहेर पडून वळणाआड जाईपर्यंत ते दोघं तिथेच होते. मग म्हातारा म्हणाला, "पोराला फोन कर. म्हणावं, ये."

"करते."

"आणि तो बंद जोड दे इकडे."

सुनेने दिला नाही. तिने तो मांडीवर घेतला, रापी उचलली आणि जिथे तिने चीर थांबवली होती तिथे टोक टेकवलं. नवं कोरं चामडं, स्वतः कापलेलं, स्वतः ताणलेलं; हात क्षणभर अडला. मग तिने रापी ओढली, बोटांपर्यंत. दुसरा बूट घेतला, तोही चिरला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.